चौकटीतली बादली

जयपूरला हवामहालासमोरच्या रस्त्यावर लाकडी पेटीचा जुना कॅमेरा लावून बसणारे छायाचित्रकार अनेक पर्यटकांनी पाहिले असतील. असे ‘मिनिट कॅमेरे’ एकेकाळी देशभर होते. जत्रेत, कचेरीच्या आवारात, देवळाच्या वाटेवर ते दिसायचे. पेटीच्या आतच अंधारी खोली असे. एका बाजूला कापडाची बाही शिवलेली असे. तिच्यातून हात आत घालायचा, कागद बसवायचा, छोट्या थाळ्यांतल्या डेव्हलपर आणि हायपो या रसायनांमधून तो फिरवायचा. आधी कागदावरच निगेटिव्ह तयार व्हायची. मग ती भिंगासमोरच्या फळीवर लावून तिचाच पुन्हा फोटो घ्यायचा, की गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा फोटो तयार. या सगळ्या सरंजामात ट्रायपॉडला टांगलेली किंवा शेजारी ठेवलेली पाण्याची बादली असायचीच.

त्या बादलीचं काम दिसायला किरकोळ, पण फोटोचं आयुष्य तिच्यावर ठरत असे. कागदात हायपो राहिला, तर काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो, विरत जातो. म्हणून धुणं नीट व्हायला हवं. तालुक्याच्या गावांतल्या स्टुडिओंमध्ये नळाला पाणी येईल याचा भरवसा नव्हता. तिथे वाहत्या धारेखाली प्रिंट धुण्याऐवजी बादलीतलं पाणी पुन्हा पुन्हा बदलून ते धुतले जात. आपल्या आजी-आजोबांचे लग्नातले फोटो आजही स्वच्छ दिसत असतील, तर त्यामागे कुणीतरी न कंटाळता ओतलेल्या पाण्याचा वाटा आहे.

छायाचित्रणाला बादलीची गरज अशी पहिल्यापासून होती. तिच्याकडे विषय म्हणून मात्र फार थोड्यांनी पाहिलं. ती इतकी समोर असते, की चौकटीत आली तर आपण ती पायानं बाजूला सारतो आणि मग फोटो काढतो. ही सवय मोडली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. बादली सुंदर आहे, हे एक कारण आहेच. त्याहून मोठं कारण असं, की आपल्याकडे पाणी कुणाला मिळतं, किती मिळतं आणि ते कोण वाहून आणतं, याची इतकी सरळ नोंद दुसऱ्या कुठल्याही वस्तूवर उमटत नाही.

झाडू, पातेली आणि एक जुना आक्षेप

साध्या वस्तूंचा फोटो काढणं ही कल्पना छायाचित्रणाइतकीच जुनी आहे. विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रज संशोधकाचं ‘द पेन्सिल ऑफ नेचर’ हे पुस्तक १८४४ ते १८४६ या काळात भागाभागानं निघालं. छायाचित्रं चिकटवून विक्रीसाठी काढलेल्या पहिल्या पुस्तकांपैकी ते एक. त्यातल्या २४ चित्रांमध्ये इमारती आहेत, पुतळा आहे, आणि ‘द ओपन डोअर’ नावाचं एक चित्र आहे. अर्धवट उघडं दार, चौकटीला टेकवलेला खराटा, दारावर तिरकी पडलेली सावली. घरकामाची वस्तू चित्राचा विषय होऊ शकते, यासाठी टॅल्बटनं डच चित्रकारांचा दाखला दिला होता.

विसाव्या शतकात ही वाट रुंदावली. छायाचित्रकार एडवर्ड वेस्टननं १९२५ मध्ये मेक्सिकोत आपल्या घरातल्या संडासाच्या भांड्याचा फोटो काढला. त्याच्या वळणांत त्याला शिल्पाचं सौंदर्य दिसत होतं. १९३० मधली त्याची जगप्रसिद्ध ढोबळी मिरची पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवून टिपलेली आहे. मिरचीभोवती जो मऊ उजेड पसरलेला दिसतो, तो त्या नरसाळ्याच्या पत्र्यानं परतवलेला. वॉकर इव्हान्सनं १९५५ मध्ये ‘फॉर्च्युन’ मासिकात पाना, पक्कड, गवंड्याची थापी अशा हत्यारांची पानभर छायाचित्रं छापली. आजूबाजूला काही नाही, फक्त हत्यार आणि त्याचा घाट.

जर्मनीत आल्बर्ट रेंगर-पाट्‌श यांचं शंभर छायाचित्रांचं पुस्तक १९२८ मध्ये आलं. त्यांना त्याचं नाव ‘वस्तू’ असं हवं होतं. प्रकाशकानं ते ‘जग सुंदर आहे’ असं केलं. या नावावर वॉल्टर बेंजामिन या विचारवंतानं कडाडून टीका केली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं होतं: कॅमेरा डबाबाटलीलाही विश्वाएवढा अर्थ चिकटवू शकतो, पण ती वस्तू ज्या मानवी संबंधांत जगते, त्यांतला एकही त्याच्या हाती लागत नाही. गरिबीसुद्धा अशा फोटोंमुळे बघून सुखावण्याची गोष्ट होऊन बसते.

बादलीचा फोटो काढू पाहणाऱ्यानं हा आक्षेप सतत जवळ ठेवावा. उजेड चांगला असेल तर कुठलीही बादली सुंदर दिसते. ते जमल्यावर खरी कसोटी सुरू होते. फोटो पाहणाऱ्याला त्यातून बादलीमागचं माणूस जाणवलं पाहिजे, मग ते चौकटीत असो वा नसो. इव्हान्सनंच त्याआधी १९३६ मध्ये अलाबामातल्या एका कुळाच्या घरात हे करून दाखवलं होतं. फळीवर पाण्याचं भांडं, खिळ्याला लटकवलेला टॉवेल, पलीकडे स्वयंपाकघराचा कोपरा. माणूस एकही नाही. तरी या घरात तोंड धुण्यासाठी किती पाणी असेल, एकाच टॉवेलला किती हात पुसले जात असतील, हे फोटो पाहताना आपोआप मनात येतं.

एका बादलीजवळ बसून

एक जुनी जस्ती पत्र्याची बादली घ्या आणि सकाळी आठच्या सुमाराला, तिरक्या उन्हात, अंगणात ठेवा. मग तिच्यापाशी खाली बसा. उभ्यानं पाहिलं तर ती सामान दिसते. डोळे तिच्या काठाच्या पातळीला आणले, की तिचा घाट कळतो. वरचं तोंड लांबट, चपटं दिसतं. बुडाची गोलाई त्यापेक्षा भरीव दिसते, कारण ती डोळ्यांच्या पातळीपासून जास्त खाली असते. कॅमेरा वीतभर वर-खाली केला तरी या दोन गोलांचं नातं बदलतं. विल्यम एगलस्टननं मेंफिस शहरातली एक लहान मुलाची तीनचाकी सायकल जवळजवळ जमिनीवरून टिपली आणि ती घरांपेक्षा मोठी दिसू लागली. बादलीलाही हाच मान देता येतो.

आता पत्रा पाहा. त्यावर बर्फाच्या नक्षीसारखे करडे-पांढरे ठसे असतात. लोखंडी पत्रा सुमारे ४५० अंश सेल्सियसला वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. वर चिकटलेलं जस्त थंड होताना त्याचे स्फटिक बनतात आणि प्रत्येक स्फटिकाचा कल वेगळा असतो. म्हणून एका कोनातून एक ठसा चमकतो आणि शेजारचा काळवंडतो. बादली थोडी फिरवली की चमकणारे ठसे बदलतात. नुसता समोरून उजेड टाकला तर हा खेळ मरतो. तो पाहायचा तर ऊन बाजूनं हवं. कॅमेऱ्याचं प्रकाशमापन इथे फसतं. उजळ पत्र्याला ते मध्यम करडा समजतं आणि फोटो मळकट येतो. त्याला एखादा स्टॉप जास्त प्रकाश दिला, की धातू धातूसारखा दिसतो.

पुढच्या खुणा वापराच्या आहेत. कडी जिथे कानात फिरते, तिथलं जस्त घासून गेलेलं असतं आणि खालचं लोखंड तांबूस झालेलं असतं. कडीचा मधला भाग मात्र हाताच्या घर्षणानं गुळगुळीत, उजळ असतो. विहिरीच्या कठड्यावर आपटून एका बाजूला पोचे पडलेले असतात. बुडाला कधी डांबर लावलेलं दिसतं, कधी झाळलेलं ठिगळ. सगळ्यांत बोलकी खूण आतल्या बाजूला असते. पाणी जड असेल तर क्षाराची पांढरी रेघ बसते. ती रेघ काठाच्या बोटभर खाली असेल, तर या घरात बादली रोज भरत होती. ती निम्म्यावर असेल, तर तेवढंच पाणी मिळत होतं, किंवा उचलणाऱ्याला तेवढंच पेलत होतं. एका फोटोत ही रेघ स्पष्ट आली, तरी वर्षानुवर्षांची हकीकत त्यात येते.

बादलीत पाणी असेल तर आणखी एक निर्णय घ्यावा लागतो. पाण्यात आभाळ किंवा झाडाची फांदी दिसते, पण ती पाण्याच्या पृष्ठभागावर नसते. भिंगाच्या दृष्टीनं ती फांदी बादलीपर्यंतचं अंतर आणि तिथून झाडापर्यंतचं अंतर मिळून जितकं होतं, तितकी दूर असते. म्हणून प्रतिबिंबावर फोकस केला की बादलीचा काठ धूसर होतो आणि काठावर केला की फांदी. दोन्ही स्पष्ट हवं असेल तर छिद्र लहान करून वेळ वाढवावा लागतो. उलट, बुडाशी साठलेली माती, गाळ दाखवायचा असेल तर पोलरायझर फिल्टर लावावा. लंबरेषेपासून सुमारे ५३ अंशांवरून पाहिलं की पाण्यावरून परतणारा उजेड या फिल्टरनं जवळजवळ पूर्ण अडवता येतो. वर आभाळ दाखवायचं की तळाचा गाळ, हे तंत्रावर सोडून चालत नाही. ते छायाचित्रकारालाच ठरवावं लागतं.

पंगतीतली, न्हाणीघरातली, स्टेशनवरची

धातू बदलला की बादलीचा स्वभाव बदलतो. लग्नाच्या किंवा भंडाऱ्याच्या पंगतीत आमटीची स्टीलची बादली आणि ओगराळं घेऊन वाढपी वाकत वाकत पुढे सरकतो. ती बादली म्हणजे वक्र आरसाच. बादली खाली निमुळती असल्यानं तिचा बाहेरचा पृष्ठभाग किंचित जमिनीकडे कललेला असतो. त्यामुळे तिच्यात मांडवाचं छत फारसं येत नाही. येतात ती जमिनीवरची पानं, मांड्या घालून बसलेली माणसं आणि वाढप्याचे अनवाणी पाय. अख्खी पंगत वीतभर स्टीलवर वाकून मावलेली असते. पंगतीचा फोटो उंचावरून काढण्याची पद्धत आहे. तो या बादलीतून काढून पाहावा.

पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तिथे तांब्याच्या भांड्यांवर मठारकाम होतं. तयार भांड्यावर हातोडीचे घाव ओळीनं, एकसारखे मारत जायचे. त्यामुळे पत्रा टणक होतो आणि प्रत्येक घावाचा छोटा खोलगट ठसा उजेड आपल्या बाजूनं परतवतो. बंब असो, घंगाळ असो वा बादली, त्या चमचमीत एका कारागिराच्या मनगटाची लय दिसते. एखादा घाव चुकलेला असला, तर तोही दिसतो. आळीत शिरताना कानावर पडणारा तो आवाज फोटोत येत नाही, पण त्याचं मोजमाप पत्र्यावर उमटलेलं असतं.

प्लास्टिकच्या बादलीला छायाचित्रकार नाकं मुरडतात. मला ते पटत नाही. लाल किंवा निळ्या पातळ प्लास्टिकमधून ऊन आरपार जातं, आतलं पाणी उजळतं आणि फरशीवर रंगीत सावली पडते. बुडाच्या मध्यभागी एक बारीक टोक असतं. वितळलेलं प्लास्टिक साच्यात तिथून शिरलेलं असतं. उन्हात राहून काठ पांढुरका पडतो आणि ठिसूळ होतो. कितीतरी घरांत तर विकत घेतलेली बादली नसतेच. घर रंगवून झाल्यावर उरलेला वीस लिटरचा रंगाचा डबा हीच आंघोळीची बादली होते. त्याच्या बाहेरच्या बाजूला कुठल्यातरी बंगल्याच्या भिंतीचा रंग ओघळून वाळलेला असतो आणि आत दहा बाय दहाच्या खोलीतल्या कुटुंबाचं पाणी. या डब्याइतका शहराचा नेमका फोटो मला सुचत नाही.

रेल्वे स्टेशनांवर आणि जुन्या चित्रपटगृहांत वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असायच्या. त्यांचं बूड गोल असे. अशी बादली जमिनीवर उभी राहत नाही, म्हणून कुणी दुसऱ्या कामाला पळवून नेत नाही. आग लागेल तेव्हा ती जागेवर असावी, एवढ्यासाठी तिचा आकार ठरवलेला. एका ओळीत टांगलेल्या, एकसारख्या, तयार उभ्या. अशा ओळी आता कमी होत चालल्या आहेत. ज्यांना दिसतील त्यांनी त्या टिपून ठेवाव्यात.

रांग

बादलीचा खरा फोटो रांगेत आहे. एप्रिल-मे महिन्यात टँकरवर अवलंबून असलेल्या कुठल्याही गावात किंवा वस्तीत पहाटे जा. माणसं यायच्या आधी भांड्यांनी नंबर लावलेले असतात. बादली, कळशी, हंडा, कॅन, रंगाचा डबा, पुन्हा बादली. फुटकी बादलीही रांगेत असते, कारण नंबर धरायला तीही चालते. प्रत्येकीवर ओळखीची खूण असते. ऑइलपेंटनं रंगवलेलं नाव किंवा खोलीचा नंबर, कडीला बांधलेली साडीच्या काठाची चिंधी, काठावर मुद्दाम पाडलेली खाच. माणूस कामावर, चुलीपाशी किंवा झोपेत असतं आणि त्याच्या वतीनं बादली उभी असते. या बादल्यांचा एकेक करून, समोरून, त्याच उंचीवरून फोटो काढत गेलं, तर गावाची व्यक्तिचित्रं तयार होतील. त्यासाठी कुणाची बादली हलवू नये, टँकर आल्यावर मध्ये उभं राहू नये, आणि नळावर कुणी आंघोळ करत असेल तर कॅमेरा खाली ठेवावा. एवढं पाळलं तर लोक स्वतःहून आपली बादली दाखवतात.

या रांगेमागचा हिशेब छायाचित्रकाराला ठाऊक हवा. जलजीवन मिशननं ग्रामीण भागासाठी माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी धरलं आहे. पंधरा लिटरची बादली घेतली तर माणशी चार बादल्याही होत नाहीत. पाच माणसांच्या घराला २७५ लिटर, म्हणजे सुमारे १८ बादल्या. नळ घरात नसेल, तर प्रत्येक बादलीमागे पंधरा किलो वजन कुणाच्या तरी हातात, डोक्यावर, कमरेवर. ते वाहणारी बहुतेक वेळा बाई असते. पत्रकार पी. साईनाथ यांनी खेड्यापाड्यांत फिरून बायकांच्या कष्टांची छायाचित्रं काढली आणि त्यांचं प्रदर्शन गावोगाव नेलं. दिसणारं काम आणि न दिसणाऱ्या बायका, हेच त्याचं सूत्र. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातलं डेंगणमाळ गाव दानिश सिद्दीकी यांनी २०१५ मध्ये रॉयटर्ससाठी टिपलं. मुंबईला पाणी पुरवणारी काही धरणं याच तालुक्यात आहेत. आणि या गावात पाणी आणण्यासाठी म्हणून काही पुरुष दुसरं, तिसरं लग्न करत होते.

२०१६ मध्ये लातुरात पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावावी लागली. पाण्यावरून मारामाऱ्या होतील अशी भीती होती. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे तिथे पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर. त्या गाडीचे फोटो देशभर छापले गेले, आणि ते योग्यच होतं. पण ते पाणी घरात पोचलं ते बादलीतून. त्या शेवटच्या टप्प्याचे फोटो मानानं कमी दिसले.

दुष्काळ म्हटला की आपल्याकडे एक ठरलेला फोटो निघतो. भेगाळलेली जमीन, तिच्यावर रिकामं भांडं, मागे एकटी म्हातारी. बेंजामिनचा आक्षेप या फोटोला तंतोतंत लागू पडतो. त्यात दुःख आहे, पण कुणाच्या विहिरीला पाणी आहे, टँकर कुठून भरतो, कुठल्या शेताला पाणी चालू आहे, यातलं काहीच नाही. याउलट, अमित दवे यांनी २००३ मध्ये गुजरातमधल्या नटवरगढच्या विहिरीचा काढलेला फोटो आठवा. प्रचंड मोठ्या विहिरीचा गोल काठ, त्याला चारी बाजूंनी खेटून उभी असलेली माणसं आणि आत सोडलेले असंख्य दोर. हवं असलेलं पाणी आणि ते हवं असलेली माणसं एका चौकटीत आली आहेत. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, ही म्हण त्या फोटोत डोळ्यांना दिसते.

महाराष्ट्रात विहिरीवरच्या बादलीचा फोटो काढताना आणखी एक इतिहास पाठीशी असतो. कुणाची बादली विहिरीत उतरू शकते आणि कुणाची नाही, हे शतकानुशतकं जातीनं ठरवलं. दलित बाया विहिरीच्या लांब थांबायच्या आणि दुसऱ्या कुणी वरून ओततील तेवढं पाणी घ्यायच्या. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचं पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीत घेतलं, ते या व्यवस्थेविरुद्ध. आजही एखाद्या गावात दोन पाणवठे, दोन रांगा दिसल्या, तर छायाचित्रकारानं विचारावं की दोन का आहेत. ते न विचारता काढलेला फोटो कितीही देखणा असला तरी अपुरा आहे.

शहरात हीच बादली दोरानं गटारात उतरते. मॅनहोलमधला गाळ वर काढायला दोर आणि बादली हेच हत्यार वर्षानुवर्षं वापरलं गेलं. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांमध्ये राहून त्यांच्या कामाची कृष्णधवल छायाचित्रं घेतली. २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. हातानं मैला उचलायला लावण्यावर २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. या छायाचित्रांनी तो कायदा कुणासाठी हवा होता हे लोकांना दाखवलं. इथे सुंदर काय आणि विदारक काय, हा प्रश्नच उरत नाही. कामगाराचा चेहरा आपल्याकडे पाहत असतो.

कॅमेऱ्याच्या आत

बादली कॅमेऱ्याच्या आतही असते, ही एक गोष्ट नवशिक्यांना मी नेहमी सांगतो. विलार्ड बॉईल आणि जॉर्ज स्मिथ यांनी १९६९ मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत सीसीडी या प्रकाशग्राहक चकतीची कल्पना मांडली. २००९ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. ही चकती समजावून सांगताना अभियंते बादल्यांचाच दाखला देतात. शेतात रांगा लावून बादल्या मांडल्या आहेत, त्यांच्यावर पाऊस पडतो आहे. प्रत्येक बादलीत किती पाणी जमलं ते मोजायचं, म्हणजे कुठे किती पाऊस पडला त्याचा नकाशा मिळतो. पाऊस म्हणजे प्रकाश, बादली म्हणजे पिक्सेल, जमलेलं पाणी म्हणजे विद्युतभार. बादली काठोकाठ भरली की पुढचं पाणी वाया जातं, म्हणून जास्त प्रकाश दिलेल्या फोटोत आभाळ नुसतं पांढरं येतं. तळाशी चार थेंबच असले तर मोजणीत चूक होते, म्हणून अंधाऱ्या भागात कण दिसतात. प्रत्येक बादलीत पुरेसं यावं आणि कुठलीही सांडू नये, एवढंच प्रकाशमापनाचं तत्त्व. टँकरवर रांग लावणाऱ्या बाईला ते शिकवावं लागणार नाही.

काय टिपावं

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात गेलं की अडकित्ते, दिवे, भांडी पाहताना लक्षात येतं, की दिनकर केळकरांनी घरोघरच्या वापरातल्या वस्तू वेळेवर गोळा केल्या म्हणून त्या उरल्या. सगळ्या बादल्या संग्रहालयात जाणार नाहीत. त्यांनी जाऊही नये. पण त्यांचे फोटो राहू शकतात, आणि ते काढायला आता महागडा कॅमेरा लागत नाही.

आपल्या घरच्या अल्बमांत लग्नं आहेत, मुंजी आहेत, सहली आहेत. पाणी भरण्यात आयुष्याचा केवढातरी वेळ गेला, त्याचा एकही फोटो नाही. म्हणून या दिवाळीत घर झाडून काढताना माळ्यावरची, मोरीतली, अंगणातली बादली बाजूच्या उजेडात ठेवा आणि तिचा फोटो काढा. शक्य असेल तर ती उचलणाऱ्या हातासकट. मग त्या फोटोखाली तीन गोष्टी लिहा: ही कुणाची, हिच्यात पाणी कुठून यायचं, आणि ते कोण वाहून आणायचं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक घरांत आई, आजी, काकू किंवा कामाला येणाऱ्या मावशी असंच येईल. ते नाव पूर्ण लिहा. बेंजामिननं छायाचित्रणावर जो आरोप केला होता, त्याला अशा ओळींनीच उत्तर देता येतं.